बाजूने आलेला हात

महमूदभाईंनी यंत्रातून हनुवटी उचलली आणि विचारलं, "हे बंद पडलं का?"

यंत्र चालू होतं. नजरेचं क्षेत्र मोजायचं यंत्र म्हणजे आतून पांढरा असलेला एक मोठा वाडगा. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने वाडग्याच्या मधोमध असलेल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. मग वाडग्यात इथेतिथे बारीक दिवे लागतात आणि विझतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. पहिल्यांदा बसणारे पुष्कळ जण मध्येच यंत्र बंद पडल्याची तक्रार करतात, कारण काही दिवे मुद्दामच अगदी मंद असतात. पण त्या दिवशी मी महमूदभाईंसाठी दिवे ठळक करत नेले होते. समोरच्या स्क्रीनवर मला दिसत होतं, डावीकडे दिवा लागला, विझला. उजवीकडे लागला, विझला. बटण गप्प. ठिपक्याच्या अगदी जवळ दिवा आला की मात्र ते लगेच वाजायचं.

"मी ठिपक्याकडेच बघतोय," ते म्हणाले. "बराच वेळ काही आलंच नाही."

त्यांची मुलगी आलिया माझ्या खुर्चीमागे उभी राहून स्क्रीन बघत होती. ती हळूच म्हणाली, "अब्बा, येतायत की."

हे २००९ सालचं. ऑप्टोमेट्रीचा कोर्स संपवून मी नवीन पनवेलमधल्या डोळ्यांच्या एका खासगी दवाखान्यात नुकता लागलो होतो. महमूदभाई दोह्याहून सुट्टीवर आले होते. संध्याकाळी वीज गेलेली असताना ते बंदर रोडवर उभ्या असलेल्या हातगाडीवर जाऊन आदळले, कपाळाला टाके पडले, म्हणून आलियाने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं. तक्रार अशी त्यांची काही नव्हतीच. तक्त्यावरची सर्वांत खालची, सर्वांत बारीक ओळ त्यांनी न अडखळता वाचून दाखवली होती. पेशाने ते घड्याळदुरुस्ती करणारे. पुढची सात-आठ वर्षं ते येत राहिले, आणि त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. थोडी त्यांच्याकडून, थोडी त्यांच्या बायकोकडून, बरीच आलियाकडून आणि शेवटचा भाग त्यांच्या मोठ्या भावाकडून.

जुन्या पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोन माणसं शेजारी बसली तर तिसऱ्याने उभंच राहावं, एवढं अरुंद. थोरला शरफुद्दीन आणि धाकटा महमूद, दोघंही तिथेच शिकले. वडिलांची शिकवायची रीत कडक होती. डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्याने स्क्रू उचलायचा आणि पहिल्या खेपेला बसवायचा. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा पडला तर ते घड्याळ त्या दिवशी पुन्हा हातात मिळायचं नाही. "गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही," ते म्हणायचे, "म्हणून तर आतलं साफ पाहिजे."

दोघांत महमूदचा हात अधिक नाजूक. शरफुद्दीनच ते सगळ्यांना सांगायचा, त्यात त्याला कमीपणा वाटायचा नाही. लग्नानंतर महमूद दोह्याला गेला. तिथे एका मोठ्या बाजारात काचेची टपरी, तीत टेबल, डोक्यावर पांढरा दिवा. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. घरी बायको जास्मीन, आलिया, आई-वडील आणि भावाचं कुटुंब, सगळे एकाच घरात.

वडील गेले तेव्हा महमूदभाईंचा पासपोर्ट मालकाकडे होता आणि मालक गावाला. ते पोचले तेव्हा दफन होऊन तिसरा दिवस उजाडला होता. दारात सूटकेस ठेवतात न ठेवतात तोच शरफुद्दीन म्हणाले, "माती द्यायला माणूस लागतो, महमूद. सूटकेस नाही लागत."

दुःखात माणूस बोलून जातो. महमूदभाईंनी ऐकून घ्यायला हवं होतं, असं ते स्वतःच मला सांगायचे. पण तेही बोलले, की तू तरी काय केलंस, इथे बसून त्यांच्या हातचं खाल्लंस. घरात जमलेल्या माणसांनी ते ऐकलं. सुट्टी संपेपर्यंत भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढची सुट्टी २००४ च्या रमजानात आली. आई हव्वाबी महिनाभर थोरल्याच्या मागे लागली होती. उरणकडच्या एका गावातली ती, बोलणं अजून तिकडचंच. ती म्हणायची, "लहान चुकला तं मोठ्यानं पुढं व्हावं. तूच बाप हायस आता." धाकट्याला तिने काही सांगितलं नाही. मोठा पुढे झाला तर लहान नको म्हणणार नाही, याची तिला खात्री होती.

ईदच्या सकाळी ईदगाहवर नमाज झाली, खुतब्याचं प्रवचन झालं, माणसं उठून एकमेकांना मिठ्या मारू लागली. शरफुद्दीन त्याच रांगेत, चार-पाच माणसं सोडून डावीकडे होते. ते वाट काढत आले, भावाच्या बाजूला उभे राहिले आणि न बोलता त्यांनी हात पुढे केला. थोरल्याने धाकट्याकडे चालत येऊन हात पुढे करणं म्हणजे काय, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मोहल्ल्यात सगळ्यांना यांचं भांडण माहीत होतं. दोन-चार जण तर हसऱ्या चेहऱ्याने थांबलेसुद्धा.

महमूदभाई समोर बघत होते. पुढे पिशवीत घातलेल्या चपला त्यांनी वाकून उचलल्या आणि ते सरळ चालत निघून गेले.

शरफुद्दीनचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो कुर्त्याच्या खिशात घातला.

महमूदभाईंच्या मनातली त्या सकाळची आठवण वेगळी होती. ते फाटकाशी बराच वेळ थांबले होते. भाई येईल, आज तरी येईल, असं त्यांना वाटत होतं. शरफुद्दीन त्यांच्या समोरून मान खाली घालून गेले. ईदलासुद्धा भाईचं मन निवळलं नाही, असं समजून ते घरी आले, शीरखुर्मा न खाता झोपून राहिले. त्याच महिन्यात शरफुद्दीनने वेगळं घर घेतलं आणि बायकामुलांना घेऊन ते मोहल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले.

यानंतर दर सुट्टीला महमूदभाईंबद्दलचं बोलणं वाढत गेलं. ते सलामाला उत्तर देत नाहीत. चहाचा कप पुढे धरला तर बघत नाहीत. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा खांदा मारून जातात. गल्लीत कोणीतरी त्यांचं नाव 'दोहावाले शेख' ठेवलं. शरफुद्दीनच्या दुकानात हा विषय निघाला की ते भिंग न काढता म्हणायचे, "शेखांना इकडेतिकडे बघायची गरज नसते. लोकच त्यांच्या समोर येतात."

सुट्टीवर येणाऱ्या माणसाचं एक असतं. तो स्वतःला रोज बघतो, घरचे त्याला दोन वर्षांनी बघतात. जास्मीनला हे टप्प्याटप्प्याने दिसत होतं. एका सुट्टीत ते उंबऱ्याला ठेचकाळले, पुढच्या सुट्टीत दाराच्या चौकटीला, त्याच्या पुढच्या सुट्टीत मगरिबनंतर, अंधार पडला की, ते घराबाहेरच पडेनात. ते म्हणायचे, दोह्यात रस्ते दिवसासारखे उजळलेले, अंधाराची सवयच सुटली. दिव्यांचं ते खरंही होतं. आणि टेबलावर, भिंगाखाली, त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. एवढंच, की चिमट्यातून स्क्रू निसटून बाजूला पडला की तो त्यांना सापडायचा नाही. म्हणून त्यांनी उंच काठाचा एक पांढरा ट्रे आणला आणि सगळं काम त्या ट्रेच्या आत करायला लागले. आजार वाढत होता आणि माणूस त्याच्या मापाचं जग बनवत होता. त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यात बघून निदान केलं, रेटिनायटिस पिगमेंटोजा. समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी नवीन होतो, उत्साह दांडगा होता. कागदावर चित्र काढून सांगितलं.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, पातळ अस्तरासारखं दृष्टिपटल असतं. त्यात प्रकाश ओळखणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकुपेशी मधोमध दाटीने असतात. वाचणं, रंग, चेहरा, स्क्रूची खाच, हे सगळं त्यांचं काम. दंडपेशी त्यांच्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेक सगळ्या कडेने पसरलेल्या. कमी उजेडात दिसतं ते त्यांच्यामुळे, आणि बाजूने काही आलं, हललं, तर आपण मान वळवतो तीही बरीचशी त्यांच्यामुळे. महमूदभाईंच्या दंडपेशींमध्ये जन्मापासून एक दोष होता. पेशी काही वर्षं तशीच काम करते, मग तिला ते झेपेनासं होतं. ती मरते तेव्हा दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. पेशी आतल्या आत स्वतःला मोडून टाकते, तिचे तुकडे आजूबाजूच्या पेशी गिळून टाकतात, आणि जागा रिकामी होते. आज एक, उद्या दुसरी. असं वीस-पंचवीस वर्षं चालतं.

"पण मला बाजूला काळं नाही दिसत," ते म्हणाले.

मी विचारलं, "तुमच्या पाठीमागे आत्ता काय आहे? काळं दिसतंय का?"

ते म्हणाले, "काळं नाही. दिसतच नाही."

"बाजूचंही तसंच झालंय."

त्यांनी डावा हात कानाजवळ नेला आणि हळूहळू समोर आणला. नाकासमोर येईपर्यंत ते त्या हाताची वाट बघत होते. मग उजव्या हाताने तसंच केलं. आलिया खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या दुपारी घरी जाऊन आलियाने आजीला सगळं सांगितलं. हव्वाबी तांदूळ निवडत होती. तिने एकच विचारलं, की बाजूला कोणी उभं राहिलं तर याला दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले का? आलिया हो म्हणाली. सूप बाजूला ठेवून ती महमूदभाईंकडे वळली.

"मग शरफूचा हात तुला दिसलाच नाय?"

"कुठला हात?"

पाच वर्षं हव्वाबीला वाटत होतं की या मुलाने भरल्या ईदगाहात भावाचा हात झिडकारला. ती कधी बोलली नव्हती. बोललं तर तुटेल, आणि मग हा सुट्टीलाही यायचा नाही, अशी तिला धास्ती होती. मोहल्ल्यात कोणीच बोललं नव्हतं, कारण जे सगळ्यांनी पाहिलं ते महमूदला ठाऊक नसेल असं कोणाच्या मनात येणार? तिने सांगितलं. महमूदभाईंनी चपला घातल्या आणि ते तसेच दुकानाकडे निघाले. आलिया मागोमाग गेली.

शरफुद्दीन वडिलांच्या जागेवर बसले होते. महमूदभाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कागदावरच्या चित्रापासून ईदपर्यंत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी भिंग काढलं.

"म्हणजे तू आंधळा झालास."

"बाजूने."

"बाजूने आंधळा." ते हसले. "उद्या सांगशील, मी फक्त शुक्रवारी बहिरा असतो."

मग त्यांनी समोरचं बायकी मनगटी घड्याळ महमूदभाईंकडे सरकवलं. मागचं झाकण उघडं होतं आणि राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान एक स्क्रू बाहेर काढलेला होता. "बस," ते म्हणाले. "लाव बघू."

आलिया मला म्हणाली होती, तिला त्याच क्षणी ओरडावंसं वाटलं. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायचं कसं? महमूदभाई बसले. भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला, स्क्रू उचलला आणि पहिल्या खेपेला खाचेत बसवला. स्क्रूड्रायव्हरने फिरवला. डोक्यावर रेघ नाही, काही नाही. अगदी वडील असते तर मान हलवली असती, असं काम.

घड्याळवाल्यांच्या घरात नजर म्हणजे हीच. भिंगाखाली जे दिसतं ती नजर, तिच्यापलीकडे नजर नाही. शरफुद्दीनला स्वतःला पन्नाशीनंतर तो स्क्रू दोन-तीन खेपा घेऊन बसायचा.

"माझ्यापेक्षा चांगलं दिसतं तुला," ते हसत म्हणाले.

महमूदभाई उठून वळले. डाव्या बाजूला स्टुलावर गिऱ्हाइकाचं एक टेबलावरचं घड्याळ ठेवलं होतं. त्यांचा गुडघा स्टुलाला लागला, स्टूल कलंडलं, काच फुटली.

"नाटक पुरे आता." शरफुद्दीनचा आवाज चढला नव्हता. "ती काच गिऱ्हाइकाची आहे. त्या दिवशी चारचौघांत माझा हात हवेत ठेवलास. आज गोष्ट रचून आणलीस. अरे, नुसतं 'भाई, चुकलो' म्हणाला असतास तर मी उठून गळ्यात पडलो असतो."

महमूदभाईंना ते म्हणता आलं नाही. चूक झालीच नव्हती तर चुकलो कसं म्हणायचं, असं त्यांना तेव्हा वाटलं. म्हणून टाकायला काय हरकत होती, असं पुढे वाटत राहिलं.

रस्त्याने परतताना आलिया त्यांना म्हणाली, "अब्बा, तुम्ही तो स्क्रू पाडायला हवा होतात."

"बाबांच्या दुकानात?" ते म्हणाले. "भाईसमोर?"

डॉक्टरांनी भावंडांची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात येतो. आलियाने तसा निरोप पाठवला. शरफुद्दीनकडून उत्तर आलं, की आता माझ्या घरादारालाही आंधळं करायला निघालात का? हव्वाबी दोनदा त्यांच्याकडे जाऊन आली. "त्याला दिसलं नाय रं," ती सांगायची. ते आईचा हात धरून म्हणायचे, "अम्मा, तू आई आहेस. तुला तसंच वाटणार." २०१२ च्या उन्हाळ्यात ती गेली. या खेपेला महमूदभाई सुट्टीवर इथेच होते. कबरीच्या दोन बाजूंना दोघं भाऊ उभे होते, दोघांनी माती दिली, आणि दोन वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले.

पुढच्या वर्षी महमूदभाई दोह्याहून कायमचे परतले. टपरीच्या काचेवर ते इतक्यांदा आदळले होते की मालकानेच सांगितलं, आता पुरे. जास्मीनने करंजाड्याला लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतलं, म्हणजे जिना नको. खिडकीशी टेबल मांडलं. ओळखीतून घड्याळं यायची. टेबलाशी बसलं की ते पूर्वीसारखेच असायचे. हसायचे, जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे.

ते दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचे आणि मला माहीत होतं पुढे काय येणार आहे. या आजाराची सर्वांत अन्यायाची गोष्ट ही आहे. दोष दंडपेशींत असतो. शंकुपेशी मुळात निर्दोष असतात. पण कडेच्या दंडपेशी संपल्या की काही वर्षांनी शंकुपेशीही मरायला लागतात. का, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. काही संशोधक म्हणतात, दंडपेशी असं काही प्रथिन सोडतात ज्यावर शंकुपेशींचं पोषण चालतं, आणि ते थांबलं की त्या उपाशी पडतात. काही म्हणतात, दंडपेशी पुष्कळ प्राणवायू वापरतात, त्या गेल्या की तो उरतो आणि उरलेलाच बाधतो. मी हे वाचून महमूदभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "एक गेला की दुसऱ्याचं जेवण जात नाही, असं म्हणा ना सरळ."

२०१५ पासून तक्त्यावरच्या खालच्या ओळी एकेक करून सुटू लागल्या. मग वरच्याही. मी विचारलं, काम थांबवलंत ना? ते म्हणाले, हो, जवळपास. ते खरं नव्हतं. हात चालतोय असं त्यांना वाटत होतं. स्क्रूची खाच दिसत नव्हती, पण हाताला सवय होती. ते चाचपून लावत होते.

पुढच्या वर्षी एका कॉलेजचे मास्तर बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन शरफुद्दीनच्या दुकानात गेले. शरफुद्दीनने झाकण उघडलं आणि विचारलं, याआधी कोणी उघडलं होतं?

"तुमच्याच भावाने की. करंजाड्याला."

"हे महमूदचं काम नाही," शरफुद्दीन म्हणाले.

मास्तरांनी सांगितलं की त्यांचंच आहे, गेल्याच महिन्यात करून घेतलं. शरफुद्दीनने पुन्हा भिंग लावलं. आत स्क्रूंची डोकी चघळल्यासारखी झाली होती. पातळ पट्टीवर स्क्रूड्रायव्हर घसरून गेल्याच्या रेघा होत्या, एकीवर एक. एका जागी खाच शोधताना टोक चारही बाजूंनी टोचलेलं दिसत होतं. ते मला म्हणाले, "दारूड्याने केलं असतं तर एवढं वाईट झालं नसतं. आणि काळजी घेतलेलीसुद्धा दिसत होती. किती सावकाश केलं असेल ते दिसत होतं."

भावाच्या तोंडचं त्यांनी मानलं नव्हतं, आईचं मानलं नव्हतं. हे मानावं लागलं. त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा करून करंजाड्याला गेले.

दार जास्मीनने उघडलं. तिने सांगितलेलं हे. महमूदभाई खिडकीशी, दाराकडे तोंड करून बसले होते. शरफुद्दीन खोलीच्या मधोमध, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि काही बोलेनात. महमूदभाईंनी चेहरा वर केला आणि विचारलं, "कोण आलंय?"

शरफुद्दीन खाली बसले. टेबलावर दुरुस्तीला आलेली घड्याळं पडली होती. ती त्यांनी एकेक करून रुमालात बांधली.

"ही मी नेतो," ते म्हणाले. "लोकांची आहेत."

"हो भाई," महमूदभाई म्हणाले. "ने."

जास्मीनने चहा केला. दोघांनी तो प्यायला. त्या दिवशी याहून जास्त काही झालं नाही.

त्यानंतर तपासणीला शरफुद्दीनच त्यांना घेऊन यायला लागले. कोपराला धरून आणायचे, आणि धरताना आधी "धरतो हं" म्हणायचे. पहिल्याच खेपेला त्यांनी मला उपाय विचारले. चष्मा, ऑपरेशन, मुंबई, चेन्नई. मी सांगितलं, मेलेली पेशी परत येत नाही. परदेशात जनुकांवर काम चाललंय, पण ते ज्यांच्या पेशी अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी, तेही एखाद्या प्रकारावर. मग ते म्हणाले, माझेही डोळे बघा, सात वर्षांपूर्वी बोलावलं होतं तेव्हा आलो नाही.

डॉक्टर त्यांना तपासत होते तेव्हा महमूदभाई बाहेर माझ्याजवळ बसले होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "भाईची दाढी पांढरी झाली असेल ना?"

सगळी पांढरी झालीय, मी म्हटलं. चेहरा बारीक झालाय, पुढचा एक दात पडलाय.

"असं का," ते म्हणाले. "मला आपला तो दुकानात बसलेलाच आठवतो."

मग मी शरफुद्दीनना यंत्रावर बसवलं. बटण सारखं वाजत होतं. डावीकडे, उजवीकडे, वर, कडेला, अगदी मंद दिव्यांनासुद्धा. त्यांचं क्षेत्र पूर्ण होतं. आजार नव्हता. मी तसं सांगितलं, पण त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही. हनुवटी तशीच टेकवून ते त्या रिकाम्या पांढऱ्या वाडग्यात बघत राहिले.

"हे बाजूचे सगळे त्याला दिसत नव्हते? तेव्हासुद्धा?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हासुद्धा नाही."

"आणि मधले?"

"मधलं सगळं दिसत होतं. लख्ख."

ते उठले. चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाने पुसला. पुसून झाल्यावरही तो हातातच होता.

"दुकानात तो माझ्यासमोर बसला होता. एवढ्यावर." त्यांनी हाताने अंतर दाखवलं. "स्क्रू लावून त्याने वर बघितलं. तेव्हा त्याला माझं तोंड दिसलं असेल का?"

२००९ ची तपासणी संगणकात होती, पण मला ती उघडायची गरज नव्हती. तेवढ्या अंतरावर त्यांच्या नजरेच्या उरलेल्या वर्तुळात एक चेहरा मावतो, त्याच्याबाहेर फारसं काही मावत नाही.

"हो," मी म्हटलं. "तेवढंच दिसलं असेल. पण स्वच्छ दिसलं असेल."

"मी हसत होतो त्याला," शरफुद्दीन म्हणाले.

बाहेरून महमूदभाईंची हाक आली, "भाई, झालं का रे?" त्यांनी चष्मा घातला, बाहेर जाऊन "धरतो हं" म्हणाले आणि भावाला उठवलं. मी दार उघडून धरलं. लिफ्टपर्यंत दोघं हळूहळू चालत गेले, आणि शरफुद्दीन त्यांना सारखं काहीतरी सांगत होते. इथे पायरी आहे. इथे बाक आहे. इथे कोणी उभं आहे, तुला सलाम करतंय.